केळनाकाठची वाट

‘आपल्या जालना जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न निघाला की आपण राजूरचा गणपती आणि समर्थांचे जांब एवढी नावे घेऊन गप्प बसतो. दिवाळीच्या सुटीत मी भोकरदन व असई ही गावे पाहून आलो आणि माझे उत्तर बदलले.

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात अकेडियन हा फ्रेंच भाषक समाज आहे. १७५५ पासून इंग्रजांनी त्याला घरादारातून हुसकले. त्याच्या वंशजांची गावे आज समुद्रकाठच्या एका रस्त्याने जोडली आहेत. प्रवाशाला तेथे त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतो.

आपल्याला समुद्र नाही, पण केळना नदी आहे. तिच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूतच्या दानलेखांत येथील रहिवाशांचा उल्लेख येतो. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली; इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेईच्या मूर्तीशी तिचे साम्य आहे.

पुढे केळना व जुई यांच्या बेचक्यात असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीशी लढली. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. पण समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच वेलस्लीने ताडले की उतार असणारच. त्याने लढाई जिंकली, मात्र त्याची सुमारे सोळाशे माणसे मेली वा जखमी झाली. शिंद्यांचे कित्येक गोलंदाज तोफा न सोडता जागीच कापले गेले.

असईत भेटलेले एक आजोबा म्हणाले, “येणारे सगळे इंग्रज साहेबाचंच विचारतात. आपली माणसं किती मेली, हे कुणी विचारत नाही, बाबा.” मी खाली मान घातली, मीही तेच विचारायला गेलो होतो.

म्हणून मला वाटते, राजूर, भोकरदन, अन्व्याचे कोरीव मंदिर आणि असई अशी एक वाट आखावी. त्यासाठी मोठी हॉटेले नकोत. मराठी पाट्या, एक नकाशा, माहिती सांगणारी गावचीच तरुण पोरे आणि एखाद्या घरची ज्वारीची भाकरी-ठेचा एवढे पुरे. दोन पैसे गावात राहतील.

आरंभ आपणच करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे पुढचे शिबिर असईला घेऊन वृद्धांच्या आठवणी लिहून काढू या. रस्ता सरकार बांधील. पण त्या रस्त्यावर काय सांगायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.