माणसं किती? आधी नीट मोजा

आज छोट्या उद्योजकांशी बोलायचंय. तुमचं युनिट इंदूरला असो, बडोद्याला असो की हैदराबादला, कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा सगळीकडे तोच आहे. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर मालकाने लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमावीच लागते.

"आमच्या पगारपत्रकावर सातच नावं आहेत," असं मालक मला सांगतात. मग मी विचारतो, झाडलोटीला येणाऱ्या बाई? कंत्राटदाराने पाठवलेला वॉचमन? शिकाऊ मुलगी? रोजंदारीवरचे दोघं? कायद्याच्या व्याख्येत हे सगळे कर्मचारीच. कंत्राटदाराने कुणाला आणलं हे तुम्हाला माहीत नसलं, तरीही. म्हणजे सातचे झाले बारा.

समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले आणि एक बाहेरचा. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. तक्रार 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. समितीच नेमली नाही, तर 50,000 रुपयांपर्यंत दंड.

माणसं दहापेक्षा कमी असली तरी सुटका नाही. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

दंड भरून मोकळं होता येईल. पण त्या झाडलोटीच्या बाईंना काही सांगायचं असेल, तर त्यांनी जायचं कुणाकडे? म्हणून म्हणतो, उद्या हजेरीपट बाजूला ठेवा आणि दारातून आत येणारी माणसं मोजा.