वृद्धांचे हात आणि बँकेचे यंत्र

सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या उधन्याचे नाव खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. जळगाव, अमळनेर, नंदुरबार असे टप्पे घेत तापीखोऱ्यातून येणारी रेल्वे उधन्यास मुंबई-सुरत मार्गाला मिळते. त्या गाडीने हजारो खानदेशी माणसे यंत्रमागांवर आणि कापडछपाईच्या कारखान्यांत पोट भरण्यास आली व येथलीच झाली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी शाळाही चालविते. त्या पिढीतील अनेकजण आता साठी-सत्तरी ओलांडून बसले आहेत. हातातील माग सुटला आणि त्याच हातात बँकेचे कार्ड आले.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ज्याने आपले सारे आयुष्य यंत्राशेजारी काढले, तो मनुष्य पैसे देणाऱ्या यंत्रापुढे का बिचकतो? वृद्ध माणसे नव्यास भितात, हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. मागाचा स्वभाव पाहा. बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. काय बिघडले ते डोळ्यांना दिसते. कामगार धागा सांधतो आणि माग पुन्हा चालू करतो. त्यासाठी दोन क्षण अधिक लागले म्हणून माग त्याला हाकलून देत नाही. बँकेचे यंत्र मात्र आपले सारे व्यवहार पोटात लपवून ठेवते. क्षणभर विचार करीत राहिले की ते व्यवहार रद्द करते. चूक झाली तर कोठे झाली ते सांगत नाही, आणि गुप्त अंक वारंवार चुकला तर कार्डच बंद पाडते. तेव्हा दोष वयाचा किती आणि रचनेचा किती, हे तपासूनच बोलावे.

आश्चर्य असे की या यंत्राच्या आरंभीच माणसाच्या दुबळ्या स्मरणशक्तीस मान दिला गेला होता. २७ जून १९६७ रोजी लंडनमधील एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने असे पहिले यंत्र बसविले. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. गुप्त अंक सहा आकड्यांचा असावा असे त्यांच्या मनात होते. पण पत्नी म्हणाली की मला चारच आकडे लक्षात राहतील, आणि चार आकडे ठरले. स्वयंपाकघरातील टेबलाशी झालेला हा निर्णय आज जगभर चालतो. पुढच्या रचनाकारांनी घरातील वडीलधाऱ्यांना असेच विचारले असते, तर फार बरे झाले असते!

वयोमानाप्रमाणे डोळ्याचे भिंग पिवळसर होते. निळसर पडद्यावरील करडी अक्षरे तरुणास सुबक वाटतात. वृद्धास ती दिसतच नाहीत. त्वचा कोरडी पडते आणि स्पर्शाने चालणारा पडदा अशा बोटांची दखल घेत नाही. जन्मभर श्रम केलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, म्हणून अंगठा लावून पैसे देणारे यंत्रही कधी कधी अंगठा ओळखण्यास नकार देते. शिवाय पैसे हाती आले की आपले काम संपले असे मन धरून चालते आणि कार्ड यंत्रातच राहते. ही चूक तरुणांकडूनही होते. म्हणून आधी कार्ड परत द्यावे व मग नोटा द्याव्या, हा क्रम अनेक देशांत स्वीकारला गेला. क्रम बदलण्यास काही फारसा खर्च येत नाही.

भाषेची अडचण निराळी. गुजरातेत या यंत्रांवर सामान्यतः गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असते. मराठी चौथी वाचलेला मनुष्य देवनागरीच्या आधाराने हिंदी निवडतो, परंतु ‘शेष राशि’ या शब्दांशी थबकतो. शिल्लक म्हटले असते तर त्याला लगेच कळले असते. कार्डधारकाची भाषा एकदा विचारून यंत्राने ती लक्षात ठेवणे आज मुळीच अवघड नाही.

या थबकण्यातूनच खरा धोका उद्भवतो. मागे उभा असलेला कोणी पुढे येतो, ‘काका, मी काढून देतो’ म्हणतो, गुप्त अंक पाहतो आणि परत देताना दुसरेच कार्ड हातात ठेवतो. महिन्याचे निवृत्तिवेतन अशा रीतीने मिनिटभरात जाते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरविले की ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक दुसऱ्यास दिल्याने नुकसान झाले, तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्यानेच सोसावा. नियम म्हणून हे ठीक. पण ज्याला अक्षरे दिसत नाहीत त्याने मदत मागितली, हा निष्काळजीपणा म्हणावा काय? असा प्रसंग घडल्यास बँकेला तत्काळ कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादेत अंधांसाठी बोलणारे यंत्र बसविले. जुलै २०१४ पासूनची नवी यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळांची असावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी ठेवण्यास आणि सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले. ही सेवा पुष्कळांना ठाऊकच नसते. आपल्या शाखेत जाऊन ती अवश्य मागावी. २०२० पासून स्टेट बँकेच्या यंत्रातून दहा हजार किंवा त्याहून अधिक रक्कम काढताना मोबाइलवर येणारा अंकही द्यावा लागतो. चोरास हा अडसर चांगला. पण ज्या घरात मोबाइल मुलाच्या खिशात असतो, तेथे तो वडिलांनाही अडसरच होतो.

माझ्या मते सर्वांत उपयुक्त सोय अगदी साधी आहे. दर महिन्यास ठराविक दिवशी ठराविक रक्कम काढणाऱ्या माणसाला दहा पर्याय कशाला हवेत? कार्ड घालताच त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत ‘नेहमीची रक्कम’ एवढीच एक कळ दिसावी, बाकीचे मागाहून. वेळ संपत आला तर हाकलण्याऐवजी ‘आणखी वेळ हवा काय?’ असे विचारावे. आणि यंत्र बसविण्यापूर्वी उधन्यातील आठ-दहा निवृत्त कामगारांना एका दुपारी त्याच्यापुढे उभे करावे. बँकेच्या माणसाने बाजूस गप्प राहावे आणि बोट कोठे थांबते, तेवढे लिहून घ्यावे.