एक एकर ज्वारी

उन्हं अंगणात उतरली की वाकळ उलगडते. चार कोपऱ्यांवर चार दगड, खाली मावशीच्या सासूबाईंचं हिरवं लुगडं, वर विटकं इरकल, आणि मधल्या भरणीला काय वाट्टेल ते: शाळेचे जुने शर्ट, फाटकं धोतर, विरलेला पडदा. टाका कडेनं सुरू होतो आणि चौकोनात फिरत मध्याकडे सरकतो. तिघी तीन बाजूंना बसल्या आहेत. मावशीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, शेजारच्या काकूंचा त्याच्या दुप्पट. एकाच वाकळेत दोन हात दिसतील, असं मी म्हणते.

"दिसू दे की," काकू म्हणतात. "पांघरताना कोण मोजायलंय?"

सोयाबीन केव्हाच बाजारात गेलंय, तूर काढायला अजून आठ-दहा दिवस आहेत, म्हणून दुपारचे हे दोन तास हाती लागलेत. त्यातही मावशी मधेच उठून भिंतीवर वाळत घातलेल्या मिरच्या हलवून येते, गाईला पाणी दाखवते, परत येऊन सुई नेमकी त्याच टाक्यापासून उचलते. याला इथं रिकामा वेळ म्हणतात.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरचं, तेरणेच्या अंगचं हे गाव १९९३ नंतरचं आहे. ३० सप्टेंबरची ती पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपलेले. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर मातीचं वजनदार माळवद. भूकंपात सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीन किती त्यावरून घर, २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचं. मावशीचं साडेचारशेचं. रस्ते एवढे रुंद की दुपारी त्यावर कुत्रंही आडवं जायला कंटाळतं. शहराचा नकाशा गावावर ठेवल्यासारखं वाटतं, आणि जुन्या गल्लीतल्या शेजारणी कुठल्या कुठं पांगल्या, ही तक्रार अजून ऐकू येते. पण घराभोवती मोकळी जागा आली. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत होती. कोथिंबीर लावायची तरी शेतात. इथं बायकांनी त्या उघड्या जागेवर हळूहळू ताबा मिळवला.

मावशीची परसबाग पाहुण्याला दाखवायला केलेली नाही. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू आणि दोन केळी. कुंपणाला तुराट्यांचा कूड, त्यावर वालाचा वेल चढलाय, जांभळ्या फुलांचा. लसूण कार्तिकात टोचलेला, आता वीतभर वर आलाय. मेथी, शेपू आणि कोथिंबीर एकाच वाफ्यात शेजारी शेजारी, कारण वाफा तेवढाच आहे. वालाच्या शेंड्यांवर मावा पडलाय. मावशी चुलीतली राख चाळून सकाळी दव असतानाच भुरभुरते. ऊन आलं की राख पानावर टिकत नाही. वांग्याची सहा झाडं मात्र लाडकी. चातुर्मासात या घरात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुरुवात होते. ती परवा झाली. तेव्हापासून दोन्ही वेळेला वांगंच आहे. तक्रार करायची सोय नाही, मावसभाऊ रोज त्याच कौतुकानं जेवतो.

पहाटे मी तिच्याबरोबर रानात जाते. अंगावर स्वेटर, डोक्याला तिचा स्कार्फ, तरी बोटं वळत नाहीत. रात्री हरभऱ्यावर टाकून ठेवलेलं पांढरं धडकं ती आता उचलते आणि पितळी वाटीवर पिळते. वाटीत चार चमचे पाणी उतरतं. जीभ लावून बघते तर कडक आंबट. हरभऱ्याच्या पानांतून पाझरणारं आम्ल दवात मिसळतं, ती ही आंब. बाटलीत भरून ठेवायची, पोट दुखलं की थेंबभर. जाता जाता ती हरभऱ्याचे शेंडे खुडते आणि ओच्यात टाकते. खुडल्यानं झाड आडवं फुटतं, घाटे जास्त लागतात, आणि घरात भाजी होते.

हरभरा तीन एकर आहे. त्याच्या पलीकडं, बांधाला लागून, ज्वारी. फक्त एक एकर.

पूर्वी उलटं होतं, मावशी सांगते. रब्बी म्हणजे ज्वारीच; हरभरा, करडई तिच्या सोबतीला. आता खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा. दोन्हीला यंत्र चालतं, दोन्हीचा पैसा हातात पडतो. ज्वारीला चार महिने थांबायचं आणि शेवटी हातानं उपटायची. वाळलेली धाटं मुळासकट ओढताना तळहात सोलून निघतात. त्या कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. शिवाय पाखरं. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरं वाटली जायची. आता सगळ्या शिवारात चार-पाच तुकडे उरलेत, त्यामुळं सगळा थवा याच एकरावर उतरतो. मावसभावानं जुन्या कॅसेटची फीत दोऱ्यांवरून बांधली आहे, ती वाऱ्यात चकाकते आणि गुणगुणते. दोन दिवस पाखरं घाबरली. मग त्याच दोऱ्यावर बसायला लागली.

कणसं भरून वाकली आहेत. वाण मालदांडीच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात तो निवडला गेला, १९३०च्या दशकात. तेव्हापासून कितीतरी सुधारित वाण आले, तरी इथल्या बायका भाकरीला अजून तीच मागतात. पीठ हाताला चिकटत नाही, भाकरी थंड झाली तरी मऊ राहते. बाकीच्या वाणांबद्दल मावशीचं मत छापण्याजोगं नाही.

यंदा अधिक श्रावण झाल्यानं येळवस जानेवारीत आली आहे. मार्गशीर्षातली ही अमावास्या, दर्श वेळ अमावास्या. दोन दिवसांपासून गाव भरायला लागलंय. पुण्याच्या गाड्या रुंद रस्त्यांच्या कडेला उभ्या आहेत आणि त्या रस्त्यांचा पहिल्यांदाच उपयोग होतोय. आदल्या रात्री स्वयंपाकघरात झोप नाही. भज्जीसाठी हरभऱ्याचे आणि तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पात, चिंचेचा कोळ, सगळं एका पातेल्यात, बेसन लावून. बाजरीचे उंडे, ज्वारीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसूण ठेचून घातलेली. मला लसूण सोलायचं काम मिळालंय. रात्री एकपर्यंत सोलते आहे आणि ढीग कमी होत नाही.

सकाळी मावशी आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन निघते. गाडी आहे, पण बिंदगी गाडीतून नेत नाहीत. तिच्यामागं आम्ही सगळे, हातात डबे, टोपल्या, पोरं. ज्वारीच्या एकरात मावसभावानं काल कोप उभी केली आहे, कडब्याच्या पेंढ्या वर बांधलेल्या, त्यावर हिरवं लुगडं. आत पाच दगड चुन्यानं रंगवलेले, ते पांडव. पूजा होते, मग तो तांब्यातली आंबील पळसाच्या पानानं पिकात शिंपडत शेताला वेढा घालतो. मागून पोरं कानडी वळणाची एक आरोळी देत पळतात. पुण्याहून आलेला एक भाचा ती चुकीची म्हणतो, त्याला दोन पोरं बाजूला घेऊन शिकवतात.

मग जेवण. मांडी घालून, मातीवर, थंड वाऱ्यात. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाक मारून बसवतात. ओळख लागत नाही, मधे कुणी विचारतही नाही. एक दुचाकीवाला पंगतीला बसलाय, खत कंपनीचा विक्रेता निघाला. आज दुकानं बंद असतील हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वाढीनंतर तो गिऱ्हाइकांचा नाद सोडून देतो.

मी बघते आहे ते दुसरंच. सकाळी उजाडायच्या आत शेजारचे काका पाच पेंढ्या मागून नेतात. त्यांच्याकडं यंदा सगळा हरभरा आहे. कोप कशाची करणार? त्यांच्यानंतर आणखी एक जण. मग काकू येतात पिठाला, आंबिलापुरतं. पैसे कुणी काढत नाही आणि मावशी कुणाला नाही म्हणत नाही, फक्त देताना एक वाक्य बोलते. "पुढल्या साली दोन ओळी तरी पेरा गं." संध्याकाळी धाटांची पेंढी पेटवून पिकाभोवती हेंडगा फिरवतात तेव्हा शिवारात ठिकठिकाणी जाळ दिसतो. त्यातले तीन तरी आमच्याच गंजीतले आहेत.

हुरड्याला वेगळं आमंत्रण नसतं. बांधाच्या कडेला दोन ओळी गुळभेंडीच्या आहेत, मुद्दाम. दाणा पिळला की दूध येतं पण पाणी येत नाही, असा दिवस मावशी अंगठ्याच्या नखानं ओळखते. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी, त्यात कणसं खुपसायची, काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची. मावसभाऊ चोळतो, फुंकर मारतो आणि हिरवे मऊ दाणे समोरच्या पानावर टाकतो. शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेलं वांगं. पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं. लातूरकडच्या मोठ्या रस्त्यावर हल्ली हुरडा पार्ट्यांचे फलक लागतात, माणशी दर, झोपाळा, बैलगाडीची फेरी. मावसभावाला तो धंदा करून बघायचाय. मावशी म्हणते, कर, पण माझ्या रानात झोपाळा टांगायचा नाही.

तात्या, म्हणजे मावशीचे दीर, या सगळ्यात कुठं नसतात. ते ओसरीच्या टोकाला अंबाडीचं वाख घेऊन बसतात. कडेला पेरलेली अंबाडी पाण्यात कुजवून सोललेली, वाळवलेली. मांडीवर पीळ देत दोन पदर एकात एक घालत दावं वळतात. बाजारात नायलॉनचं स्वस्त मिळतं. ते जनावराच्या मानेला कापतं, एवढं बोलून ते पुन्हा गप्प होतात.

भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि परसातल्या सगळ्या शेंगांची एक भाजी. वाकळ अजून अर्धीच शिवून झाली आहे. संक्रांतीच्या वाणात काकूंना मावशीकडून वाटीभर लसूण मिळतो.

पौष पौर्णिमेला टेम्पो ठरतो, नळदुर्गला. मागं सतरंजी, त्यावर आम्ही चौदा-पंधरा जण, मधे भाकऱ्यांचं गाठोडं. आधी किल्ला. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीला किल्ल्यातच बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. आत्ता जानेवारीत धबधबा नाही, नुसता ओला दगड आहे. पोरं हिरमुसतात. मावशी मात्र बांधाला हात लावून उभी राहते. "चारशे वर्षं हललं नाही," ती म्हणते, आणि तिला काय आठवतंय ते आम्हा मोठ्यांना कळतं. काकू विषय बदलतात.

खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत. मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षाचा मोठा भाग देव अणदूरला असतो आणि थंडीत नळदुर्गला येतो, त्यासाठी दोन्ही गावं लेखी करार करतात. देवाच्या येण्याजाण्याचाही कागद असतो हे तात्यांना फार पटतं. वाघ्या-मुरळी नाचतायत, काठ्या उंच धरून गर्दी देवळाकडं सरकते, आणि पलीकडं पाळणे, रेवड्या, विळे, चाळण्या. मावशी एक सूप निवडायला पाऊण तास घेते. ठोकते, उलटं धरते, उन्हात बघते, परत ठेवते. विकणारी बाई आता हसायला लागली आहे.

परत येताना टेम्पोत थंडी कापते. मावसभाऊ मोबाइलवर हिशोब मांडतो: त्या एकरातही हरभरा घेतला तर किती क्विंटल, भाव काय, मजुरी किती वाचते. आकडे बरोबर आहेत. तो ते मोठ्यानं वाचतो, म्हणजे मावशीला ऐकू जावेत. मावशी नवं सूप मांडीवर धरून बसली आहे.

"आणि कडबा?" ती विचारते.

"इकत घेऊ."

"आंबिलाचं पीठ?"

"तेबी मिळतं की, माय. लातूरला पाकिटात मिळतं."

"बरं," मावशी म्हणते. "मग येळवशीला पाच पेंढ्या मागायला शेजारचे काका कुणाच्या दारात जातील, तेबी लिव त्यात."

टेम्पोत हशा होतो. काका पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेत, ते मागं वळून विचारतात, माझं नाव कोण घेतलं?