चुंबकाचे परावलंबन

इस्पितळात एम.आर.आय. यंत्राच्या बोगद्यात निजणाऱ्या रुग्णाभोवती केवढे सामर्थ्य जागे असते, याची कल्पना बहुतेकांना नसते. बहुसंख्य यंत्रांचे हृदय म्हणजे अतिवाहक चुंबक. नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केली, की तिचा विद्युत्‌रोध नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह मग वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी प्रबळ असे क्षेत्र निर्माण करतो.

हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना १९११ साली पाऱ्यात हा गुण प्रथम आढळला. प्रबळ चुंबकाचे त्यांचे स्वप्न साकार होण्यास मात्र अर्धशतक लागले. आज हेच चुंबक केओलिन मातीतील लोहयुक्त अशुद्धी वेचून काढतात. पण त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे ती रुग्णसेवेचीच.

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. जुन्या धर्तीच्या एका यंत्रात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतो. हा वायू नैसर्गिक वायूच्या मोजक्या साठ्यांतून निघतो. अमेरिका आणि कतार हे त्याचे प्रमुख उत्पादक. जून २०१७ मध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची नाकेबंदी करताच तेथील हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले. हेलियमसाठी जवळजवळ सर्वस्वी आयातीवर विसंबणाऱ्या भारताने यातून बोध घ्यायला नको काय? दूरच्या वाळवंटातील कलहाची झळ आपल्या रुग्णशय्येला लागावी, ही स्थिती खचितच शोभादायक नाही.

बंगालमधील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून हेलियम निघतो, परंतु तेवढ्याने देशाची गरज भागणारी नाही. तेव्हा गरजच कमी करणे, हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. अवघ्या सात लिटर हेलियमवर चालणारे मोहरबंद चुंबक २०१८ साली बाजारात आले. आपल्याकडेही मुंबईची ‘समीर’ संस्था आणि दिल्लीचे आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्र यांनी स्वदेशी यंत्राच्या उभारणीत हात घातला आहे.

सरकारी इस्पितळांसाठी यंत्रे घेताना केवळ किंमत न पाहता त्यांना लागणाऱ्या हेलियमचाही हिशेब व्हावा आणि स्वदेशी प्रयत्नांना खात्रीचा ग्राहक मिळावा, असे आम्हांस वाटते. यंत्र विकत घेता येते. ते अखंड चालू ठेवण्याची शाश्वती मात्र स्वतःच निर्माण करावी लागते.