उन्हाचा जमाखर्च

भर दुपारी उन्हात पडलेल्या लोखंडी घमेल्याला हात लावून पाहिला आहे का? चांगलाच चटका बसतो. पण त्या घमेल्यात भात काही शिजत नाही. कारण मिळालेली उष्णता ते भोवतालच्या हवेला देऊन टाकते. उष्णता मिळवणे सोपे, राखणे अवघड! हे आपण करूनच पाहू.

पुठ्ठ्याची दोन खोकी घ्या. लहान खोक्याचे तोंड ३० सें.मी. लांब व तेवढेच रुंद असावे. ते मोठ्या खोक्यात ठेवल्यावर तळाशी आणि चारही बाजूंना चार बोटे जागा उरली पाहिजे. त्या जागेत भाताचा तूस किंवा वर्तमानपत्राचे बोळे भरा. आत काळा कागद चिकटवा. वर साधी काच ठेवा. तिच्या धारदार कडांना आधी चिकटपट्टी लावा. झाली सौरचूल तयार!

आता चुलीवर चढून बाहेरून काळे झालेले झाकणाचे पातेले घ्या. त्यात अर्धा लिटर पाणी घालून तापमान मोजा. तापमापी शाळेच्या प्रयोगशाळेतील हवी. ताप मोजण्याची वापराल तर फुटेल. पातेले पेटीत ठेवा आणि दुपारी बारा ते एक पेटी उन्हात असू द्या. मग पुन्हा तापमान मोजा.

आता हिशेब मांडू. माध्यान्हीच्या स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा मिळते. आपल्या काचेचे क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर; म्हणजे ९० वॅट. तासाभरात ही जमा सुमारे ७७,००० कॅलरी होते. समजा, पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर गेले. ५०० ग्रॅम गुणिले ३० अंश, म्हणजे १५,००० कॅलरी. जेमतेम पाचवा हिस्सा! बाकीची ऊर्जा गेली कुठे?

चोर तुम्हीच शोधा. एक दिवस तूस काढून प्रयोग करा. दुसऱ्या दिवशी तूस परत भरा, पण काच काढा. तिसऱ्या दिवशी काच ठेवा, पण पातेले चकचकीत घ्या. एका वेळी एकच बदल करा. पाणी व वेळ तीच ठेवा. कोणत्या वाटेने किती ऊर्जा निसटते, हे तुमची वहीच सांगेल.

ही युक्ती जुनी आहे. जिनीव्हाच्या होरेस द सोस्यूर याने १७६७ मध्ये काचेच्या पेटीचे प्रयोग सुरू केले आणि पुढे तिच्यात पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापमान मिळवले. आपल्या मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजाने आरसे लावून सौरचूल बनवली. जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले! त्याचे पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुम्हीही पुठ्ठ्याला चकचकीत चंदेरी कागद लावून ऊन पेटीत वळवा. मात्र सूर्याकडे किंवा त्या चकाकीकडे टक लावून पाहू नका. आरशाने जमा वाढते, तुसाने खर्च घटतो. पाण्याला जास्त लाभ कशाने झाला? उत्तर आमच्याकडून नको. उद्या दुपारी तापमापीलाच विचारा!