तबकडीतील यकृत आणि हाताची ‘योग्या’

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ‘योग्या’ सांगितली आहे. शिष्याने आधी कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेदनाचा अभ्यास करावा आणि मगच रुग्णाकडे वळावे, असा तिचा आशय. शास्त्र पाठ असले तरी योग्येवाचून हात तयार होत नाही. युरोपातील एका संशोधक-प्रशिक्षणाची माहिती घेताना आम्हांस याच अध्यायाचे स्मरण झाले.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९ साली उंदराच्या आतड्यातील मूलपेशींपासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढविली. अशा प्रतिकृतीस ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. पुढे यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्याही प्रतिकृती सिद्ध झाल्या. ही विद्या केवळ ग्रंथ वाचून येत नाही. पेशींना आधार देणारा जेल थंड असता पातळ राहतो व उष्णता मिळताच घट्ट होतो. त्यामुळे हात क्षणभर रेंगाळला तरी प्रयोग बिघडतो. पोषकद्रव वेळेवर बदलणे, वाढलेल्या प्रतिकृती फोडून पुन्हा रुजविणे, हे सारे अनुभवी मार्गदर्शकाशेजारी बसूनच शिकावे लागते. म्हणूनच युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतील ‘ऑर्गनोव्हिर’सारख्या उपक्रमांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत प्रत्यक्ष कामास पाठविले गेले.

याचा आपल्याशी संबंध काय? २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांतील यकृतविकृतीची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत आक्षेप घेतला. वाद रंगला, परंतु अशा प्रश्नाचा प्रयोगशाळेत छडा लावू शकतील अशी आपली माणसे किती?

यकृताच्या ऑर्गनॉइडवर थेट काढा ओतला म्हणजे परीक्षण झाले, असे मात्र नव्हे. मुखावाटे घेतलेले औषध जाठराग्नीचा संस्कार होऊन यकृतापर्यंत पोहोचते. शिवाय काढ्याचा रंग व त्यातील काही द्रव्ये रंगमापनावर आधारलेल्या चाचण्यांना चकवितात. ऑर्गनॉइडमध्ये सहसा रक्तवाहिन्या नसतात, ही त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. या गोष्टी वैद्यकाची जाण असलेल्या संशोधकाच्याच ध्यानी येतील.

भारत सरकारने २०२३ साली नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील चाचण्यांच्या जोडीने वा त्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींस वाव दिला. सदर नियम आपल्या शास्त्रोक्त कल्पांसाठी नसले, तरी वाऱ्याची दिशा त्यांतून कळते.

आमची विनंती दुहेरी आहे. वैद्यबंधूंनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही काळ अवश्य पाठवावे. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीचा ओळख पटविलेला नमुना नोंदीसह जतन करावा. द्रव्यच संदिग्ध असेल तर उत्तम प्रतिकृतीही खरे उत्तर देणार नाही. आपल्या औषधांची परीक्षा होणारच आहे. ती घेणाऱ्यांत आपले शिष्यही असावेत, एवढेच आमचे मागणे.