व्हायोलिनविषयीचा सल्ला आणि त्याची परिभाषा

वाद्य घेताना, शिकताना व जपताना तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, हे मत इतके सर्वमान्य आहे की, तो तज्ज्ञ कोणत्या परंपरेतला आणि त्याचे शब्द कोणत्या वस्तूंना लागू पडतात, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. व्हायोलिनच्या बाबतीत हा प्रश्न टाळणे महागात पडते. महाराष्ट्रात हे वाद्य मुख्यतः दोन परंपरांत नांदले. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखनासह ते शिकविले जाई. तेथून निघालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. दुसरी परंपरा रागसंगीताची. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी (१७८६–१८५८) हे वाद्य आपल्या संगीतात सामावून घेतले. हिंदुस्थानी पद्धतीत गजाननबुवा जोशी, वाईत जन्मलेले वि. गो. जोग आणि दा. के. दातार यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. वाद्य एकच असले, तरी या दोन परंपरांत ते धरण्याची रीत निराळी, मेळ निराळा आणि शब्दही पुष्कळसे निराळे. एका परंपरेतील सल्ला दुसरीत नेताना त्याचे एक प्रकारे भाषांतरच करावे लागते.

जेथे शब्द वेगळा आहे, तेथे विद्यार्थी निदान सावध तरी होतो. खरा धोका असतो तो शब्द सारखा असून वस्तू भिन्न असते तेव्हा. ‘घोडी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते. तिचा पृष्ठभाग कानसून जवारी साधतात. व्हायोलिनची घोडी म्हणजे मेपलच्या लाकडाची पातळ, कमानदार पट्टी. ती चिकटविलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. तिची कमान अशी हवी की, गजाला प्रत्येक तार स्वतंत्रपणे घेता यावी. तंतुवाद्यांच्या उत्तम कारागिराने ‘घोडी थोडी घासून देतो’ असे म्हटले, तर तंबोऱ्याविषयी ते विधान निर्दोष आहे. व्हायोलिनविषयी मात्र ‘कोठे व किती’ हे विचारल्यावाचून होकार देऊ नये, कारण कमान बिघडली की दोन तारा एकदम वाजू लागतात व घोडी नवीनच बसवावी लागते. (फ्रेंच व पोर्तुगीज भाषांतही या भागाची नावे घोड्यावरूनच आली आहेत. यात उसनवारी शोधण्याचे कारण नाही. पाठीवर भार घेऊन उभी राहणारी वस्तू पाहून निरनिराळ्या भाषकांना तीच उपमा सुचावी, हे स्वाभाविक आहे.)

मेळाच्या बाबतीत तर गणितच मध्ये येते. युरोपीय पद्धतीत चार तारा पंचमाच्या अंतराने जी, डी, ए, ई अशा लावतात. त्यांतील ए सेकंदाला ४४० कंपनांचा. बाजारात मिळणाऱ्या तारांची जाडी व ताण याच मेळासाठी ठरविलेले असतात. आता पांढरी दोनचा षड्ज धरून त्याच तारा सा-प-सा-प अशा मंद्र षड्जापासून लावल्या, तर खालच्या दोन तारा प्रत्येकी पाच अर्धस्वर आणि वरच्या दोन प्रत्येकी सात अर्धस्वर उतरतात. तारेची जाडी व लांबी कायम असता ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो; म्हणजे पहिल्या दोन तारांवर मूळ ताणाच्या सुमारे ५६ टक्के व इतर दोहोंवर सुमारे ४४ टक्केच ताण उरतो. उलट पांढरी पाचमध्ये खालच्या दोन तारा आहेत तशाच राहतात आणि वरच्या दोन केवळ दोन अर्धस्वरांनी उतरतात. म्हणून ‘कोणत्या तारा चांगल्या?’ हा प्रश्न अपुरा आहे. स्वर कोणता व मेळ कोणता, हे सांगितल्याखेरीज त्याचे उत्तर देणारा तज्ज्ञ अंदाजच बांधत असतो. खांद्याखालच्या आधाराविषयीचा सल्लाही असाच: मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून वाजविणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

निगराणीच्या कामात परंपरेचा भेद जवळजवळ नाही. लाकूड सर्वांचे सारखेच फुगते. घोडीच्या बारीक तारेकडील पायाच्या किंचित मागे, वाद्याच्या पोटात, एक छोटा स्तंभ उभा असतो. इटालियनमध्ये त्याला ‘आनिमा’, पोर्तुगीजमध्ये ‘आल्मा’, म्हणजे आत्माच म्हणतात. मराठी वादक मात्र ‘साउंडपोस्ट’ या रुक्ष शब्दावर समाधान मानतात. तोही दाबानेच उभा असतो. सर्व तारा एकदम उतरविल्या तर पडू शकतो. म्हणून तारा एकेक करून बदलाव्यात. वाद्याचे सांधे प्राणिज सरसाने जोडतात, आणि तो सरस मुद्दामच फार बळकट ठेवीत नाहीत: कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ताणले गेले की सांधा सुटावा, पण फळी तडकू नये, हा हेतू. सुटलेला सांधा घरच्या कृत्रिम गोंदाने घट्ट चिकटविणारा मनुष्य एका किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या दुरुस्तीत करतो. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करणे व तबलीवर पडलेली राळ कोरड्या फडक्याने पुसणे, एवढे मात्र कोणाला न विचारता करावे.

खरेदीचा प्रश्न सर्वांत निसरडा. येथे सल्ला विशेषणांच्या रूपाने मिळतो: ‘गोड’, ‘गोल’, ‘मोकळा’, ‘खानदानी’. ही विशेषणे निरर्थक नव्हेत. पण ती कानाइतकीच किंमत व नाव यांवरही अवलंबून असतात. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना, त्यांची दृष्टी झाकून, तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने वाजवावयास दिली गेली. जुन्यांत दोन स्ट्राडिवारीची व एक ग्वार्नेरीचे होते. बहुतेकांची पसंती नव्या वाद्यांना मिळाली आणि सर्वांत कमी पसंतीचे ठरले ते एक स्ट्राडिवारीच.

वाद्याच्या पोटातील चिठ्ठी हा तर पुराव्याचा सर्वांत दुबळा प्रकार. स्ट्राडिवारीच्या लॅटिन चिठ्ठीची नक्कल एकोणिसाव्या शतकापासून कारखान्यांतील असंख्य स्वस्त वाद्यांत डकविली गेली. तिच्यातील ‘फाकिएबात’ हे क्रियापद अपूर्ण भूतकाळाचे आहे, ‘करीत होता’ अशा अर्थाचे. थोर कलावंत आपली कृती पूर्ण झाली असे म्हणत नाहीत, हा प्लिनीने नोंदविलेला जुना संकेत त्यामागे आहे. नक्कल करणाऱ्यांनी हा विनयही जसाच्या तसा उचलला. तीच चिठ्ठी, आणि खाली इंग्रजीत उत्पादक देशाचे नाव, असे दिसले तर शंकेला जागाच नाही: अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर असे नाव घालणे तेथील १८९० च्या जकात कायद्याने आवश्यक केले, आणि स्ट्राडिवारी १७३७ मध्येच वारला होता.

तेव्हा विकणाऱ्याकडून किंमत व परत घेण्याच्या अटी, कारागिराकडून तडा, सांधे, पट्टीचे लाकूड व खुंट्या यांची स्थिती, आणि वादकाकडून स्वर, अशी चौकशीची वाटणी करणे श्रेयस्कर. यांपैकी एकच व्यक्ती तिन्ही उत्तरे देत असेल, तर वाद्य चार दिवस घरी नेऊन दुसऱ्या वादकाकडून वाजवून घ्यावे, आणि खरेदी करणाऱ्याने ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकावे.